डेंटल हायजिनिस्ट व्हायचंय? कोर्स निवडण्यापासून हात बसेपर्यंत

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांशिवाय तीन प्रकारची माणसं काम करतात आणि प्रवेश घेताना मुलं यातच गोंधळतात. असिस्टंट खुर्चीशेजारी राहून सक्शन (तोंडातलं पाणी-लाळ ओढणारी नळी) धरतो, सिमेंट कालवतो, ट्रे लावतो. मेकॅनिक लॅबमध्ये कवळ्या आणि क्राउन बनवतो, पेशंटच्या तोंडाशी त्याचा संबंध नसतो. हायजिनिस्ट मात्र स्वतः तोंडात हत्यार घालतो. १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टनुसार दातांचं स्केलिंग (दातांवर जमलेला कडक थर, म्हणजे टार्टर, खरवडून काढणं), सफाई, पॉलिशिंग करणं आणि दातांची निगा शिकवणं हे त्याचं काम. निदान करणं, सिमेंट भरणं, दात काढणं यात येत नाही.

बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल तर हा दोन वर्षांचा कोर्स करता येतो. त्यानंतर राज्याच्या दंत परिषदेत नोंदणी करावी लागते, आणि खरी मेख इथेच आहे. तीन-सहा महिन्यांच्या ‘डेंटल असिस्टंट’ सर्टिफिकेटवर हायजिनिस्ट म्हणून नोंदणी मिळत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. फी भरण्याआधी केंद्रीय नियामकाचं मान्यतापत्र मागा. हे काम अनेक वर्षं डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाचं होतं, २०२३मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला, त्यामुळे पत्रावर नाव कोणाचं आणि तारीख कोणती तेही पाहा. मग राज्य परिषदेला एकच प्रश्न विचारा: या कॉलेजच्या मागच्या बॅचची नोंदणी झाली का?

दुसरी चौकशी ओपीडीची. साध्या कामाच्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला जाऊन बसा आणि किती खुर्च्यांवर पेशंट आहेत ते पाहा. इमारत चकाचक पण खुर्च्या रिकाम्या असतील तर दोन वर्षं वह्या भरण्यात जातील.

प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात हेपेटायटिस बीची लस सुरू करा. डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे क्लिनिकल पोस्टिंगच्या (प्रत्यक्ष पेशंटवर काम करण्याच्या) तोंडावर जागं होऊन उपयोग नाही. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी करून घ्या, आकडा १० (mIU/mL) किंवा वर हवा.

आता हाताकडे. सगळ्यांना पहिल्या दिवशी अल्ट्रासॉनिक मशिन (कंपनांनी टार्टर काढणारं) चालवायचं असतं. ते सर्वात शेवटी. क्रम असा ठेवा: बसणं, पकड, टेकू, प्रोब, हाताचा स्केलर, आणि मग मशिन.

पेशंटचं तोंड तुमच्या कोपराच्या उंचीला हवं. खुर्ची उंच राहिली की खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मान धरते. हत्यार अंगठा आणि तर्जनी यांत धरायचं, मधलं बोट दांड्याच्या मानेवर टेकवायचं. अनामिका त्याच जबड्यातल्या जवळच्या दातावर ठेवायची. हा टेकू. गालावर किंवा ओठावर टेकू घेतला तर पेशंट हलला की हत्यार घसरतं आणि हिरडी फाटते. ताकद बोटांतून नाही, मनगट आणि बाहू एकत्र फिरवून येते. नुसती बोटं हलवणाऱ्याचा हात चार पेशंटांत आखडतो.

प्रोबने हिरडी आणि दात यांच्यातली खोली मोजतात. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर असते. विल्यम्स प्रोबवर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० अशा खुणा असतात. ४ आणि ६ मुद्दाम गाळलेले असतात, नवखे तिथेच चुकीचा आकडा लिहितात. दाब साधारण २० ते २५ ग्रॅमचा. घरच्या डिजिटल वजनकाट्यावर प्रोब टेकवून या दाबाचा सराव करता येतो. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी मोजायचं, आणि एका जागेवरून उचलून दुसरीकडे टोचण्यापेक्षा प्रोब आतल्या आत चालवत न्यायचा.

स्केलरचा, म्हणजे टार्टर खरवडायच्या हत्याराचा, सराव टायपोडॉन्टवर (सरावाच्या नकली जबड्यावर) करा. प्लास्टिकच्या दातांवर, हिरडीच्या रेषेखालीसुद्धा, गडद नेलपॉलिशचे दोन-तीन थर देऊन रात्रभर सुकू द्या. तो टार्टर समजा. पातं हिरडीखाली घालताना दाताशी जवळजवळ मिटलेलं हवं. तळाशी पोचलं की ते ७० ते ८० अंशांपर्यंत उघडायचं आणि दाताकडे दाब देत २-३ मिलिमीटरच वर ओढायचं. कोन ९०च्या पुढे गेला की पात्याची दुसरी बाजू हिरडी खरवडते, ४५च्या आत राहिला की पातं टार्टरवरून नुसतं घसरतं. यातली दुसरी चूक जास्त वाईट. टार्टरचा वरचा थर तासला जातो, खालचा गुळगुळीत होऊन दातालाच चिकटून राहतो आणि नंतर एक्स्प्लोररलाही (दात चाचपायच्या टोकदार हत्यारालाही) जाणवत नाही. पेशंट खूश होऊन घरी जातो, हिरडी मात्र सुजलेलीच राहते.

हेच बोथट पात्यानेही होतं, म्हणून धार लावणं सुरुवातीलाच शिका. पात्याचा माथा (वरची सपाट बाजू) जमिनीला समांतर धरा, दगड त्याच्याशी १०० ते ११० अंशांवर ठेवा आणि शेवटचं घासणं खालच्या दिशेने करा, नाहीतर कडेला पत्र्यासारखी कोर राहते. अर्कान्सास दगडाला तेल, सिरॅमिकला पाणी. ॲक्रिलिकच्या काडीवर पातं पकड घेत असेल तर धार आहे. ग्रेसी क्युरेटच्या (हिरडीखाली चालवायच्या हत्याराच्या) दोन कडांपैकी एकच कापते, तिलाच धार द्या. ११-१२ क्रमांकाचा दाढांच्या पुढच्या बाजूला चालतो, १३-१४चा मागच्या.

अल्ट्रासॉनिकमध्ये टोकाची बाजू दाताला लावायची, अणी कधीच नाही. हात हलता आणि हलका ठेवा, पाणी बारीक फवाऱ्यासारखं येऊ द्या. एका जागी थांबलात तर दात तापतो, दाबलात तर कंपनं मरतात. टोक १ मिलिमीटर झिजलं की कार्यक्षमता साधारण पाव भागाने घटते, २ मिलिमीटर झिजलं की फेकून द्या. पेसमेकर आहे का हे आधी विचारा, असल्यास डॉक्टरांना सांगितल्याशिवाय मशिन सुरू करू नका.

हत्यारं आधी घासून धुवायची, मगच ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात): १२१ अंश सेल्सियसला १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटं. रक्त वाळलेलं राहिलं तर त्याखाली वाफ पोचत नाही. हत्यार बोटाला लागलं तर जखम पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी.

आपल्याकडच्या पेशंटांत मिश्री, गुटखा, तंबाखू-चुन्याचे डाग रोजचेच. डाग काढण्याच्या नादात तोंड तपासायला विसरू नका. तोंड पेशंटच्या स्वतःच्या तीन बोटांएवढं उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरट पट्टे लागत असतील किंवा दोन आठवड्यांहून जुना व्रण असेल तर काम थांबवून डॉक्टरांना बोलवा. मिश्री लावणाऱ्या आजींना ‘सोडा’ म्हणून भागत नाही. त्यांच्या हाती ब्रश द्या, हिरडीच्या रेषेशी ४५ अंशांत धरून कसा फिरवायचा ते आरशात दाखवा आणि पुढच्या वेळी त्यांच्याकडून करून घ्या.

नोकरीचं चित्र स्पष्ट सांगायला हवं. लहान दवाखान्यांत स्केलिंग बहुतेक वेळा बीडीएस डॉक्टरच करतात. म्हणून सरकारी आणि पालिका रुग्णालयं, दंत महाविद्यालयं आणि मोठ्या साखळी क्लिनिक्सकडे आधी अर्ज करा. मुलाखतीत विचारा: स्केलिंग मला करायला मिळेल, की फक्त सक्शन धरायचंय? अमेरिकेत जायचा विचार असेल तर इथल्या डिप्लोम्यावर थेट परवाना मिळेल असं गृहीत धरू नका. तिथे परवाना राज्यागणिक वेगळा असतो आणि सहसा तिथलाच मान्यताप्राप्त कोर्स करावा लागतो. पहिल्या पेशंटपासून लॉगबुकात तारीख, काय केलं आणि सही घेत चला. सह्या वर्षाअखेरीस एकदम गोळा करायला गेलात तर निम्मे डॉक्टर बदलून गेलेले असतात.