पोट निरोगी राखायचे तर ताटाआधी घड्याळाकडे पाहा

पोटाची तक्रार सुरू झाली की आपण सर्वप्रथम ताटातल्या पदार्थांना दोषी ठरवतो आणि एकेक पदार्थ वर्ज्य करत सुटतो. माझ्या मते ही सुरुवातच उलट्या टोकाकडून होते. पदार्थांना हात लावण्याआधी आठवडाभर जेवणाची वेळ, जेवणाचा वेग आणि दोन खाण्यांमधले अंतर एवढेच दुरुस्त करून पाहावे. बऱ्याच किरकोळ तक्रारी त्यातच निवळतात आणि एखादा पदार्थ खरोखरच मानवत नसेल, तर तोही मग चटकन लक्षात येतो.

अंतराचा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. नेहमीचे जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण दोन ते चार तास लागतात. जेवण तेलकट असेल तर त्याहून अधिक. जठर आणि लहान आतडे रिकामे झाले की दर दीड ते दोन तासांनी आकुंचनाची एक जोरकस लाट वरून खाली जाते आणि उरलेसुरले कण व जिवाणू मोठ्या आतड्याकडे लोटते. पोटात जे गुरगुरते, ते पुष्कळदा या झाडलोटीमुळे, त्यामुळे प्रत्येक गुरगुर ऐकून डबा उघडायलाच हवा असे नाही. तोंडात खाण्याचे काहीही पडले की ही झाडलोट थांबते. दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकत राहणाऱ्यांना ती जवळजवळ रात्रीपुरतीच मिळते. म्हणून दोन खाण्यांमध्ये तीन ते चार तास मोकळे सोडावेत आणि मधे पाणी प्यावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र हे अंतर डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वेगाबद्दल एक साधा प्रयोग करून पाहा. शिजवलेल्या धान्याचा एक घास, सोबत काहीही न घेता, तो गोडसर लागेपर्यंत चावा. लाळेतले पाचकरस पिष्टाचे रूपांतर शर्करेत करू लागल्याची ती खूण असते. हा गोडवा कधीच जाणवला नसेल, तर आपण घास अर्धवट गिळतो आणि त्याबरोबर हवाही गिळतो असे समजावे. पोट भरल्याची जाणीव व्हायलाही सुमारे वीस मिनिटे लागतात, त्यामुळे दहा मिनिटांत जेवण उरकणारा माणूस हमखास गरजेपेक्षा जास्त खातो.

आता पदार्थांकडे वळू. प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सालीसकट एका मध्यम सफरचंदात साधारण ४ ग्रॅम, एका केळ्यात ३ ग्रॅम, तर १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात सुमारे ८ ग्रॅम तंतू असतात. म्हणजेच केवळ फळांवर भागत नाही, डाळी, कडधान्ये, भाज्या आणि कोंड्यासह दळलेली धान्ये रोजच्या जेवणात हवीतच. यातले काही तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे आम्ल आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन असते.

मात्र येथे घाई करू नये. मी स्वतः एका उत्साही सोमवारी पांढऱ्या ब्रेडवरून थेट वाडगाभर राजम्यावर उडी घेतली होती आणि बुधवारपर्यंत पोट ढोलासारखे फुगले होते. दर चार-पाच दिवसांनी एकाच पदार्थाची थोडी भर घालावी आणि त्याबरोबर पाणीही वाढवावे, अन्यथा बद्धकोष्ठता कमी होण्याऐवजी बळावते. मोठी कडधान्ये आठ ते दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात शिजवावीत. वायू निर्माण करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात त्या पाण्यासोबत निघून जातात. राजमा तर किमान दहा मिनिटे खळखळून उकळायलाच हवा, कारण कच्च्या दाण्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या आणि जुलाब होतात.

दही उपयुक्त आहे, पण ते शिजवले की त्यातले जिवंत जिवाणू मरतात, म्हणून ते वाढतानाच घ्यावे. दूध न पचणाऱ्या अनेकांना दही पचते, कारण आंबताना त्यातील लॅक्टोज ही दुधातली शर्करा काही प्रमाणात कमी झालेली असते.

जळजळ झाली की थंड दूध पिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने घटकाभर बरे वाटते खरे, पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. तिखटाने अल्सर होतो हा समजही तसाच. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूकडे लक्ष वेधले आणि त्या शोधासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्सरमागे बहुतेक वेळा हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर असतो. आधीच असलेली जळजळ तिखटाने वाढू शकते, एवढे मात्र खरे.

रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तास राखावेत. आंबट पाणी घशाशी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपावे आणि पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवावेत. उशांची चळत लावून हे साधत नाही; कमरेत वाकल्याने पोटावर उलट दाब येतो.

एवढे करूनही तक्रार दोन-तीन आठवडे टिकली, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. शौचातून रक्त जाणे, शौच डांबरासारखे काळे होणे, घास गिळताना अडकणे, वारंवार उलट्या होणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काहीही दिसल्यास मात्र तितकेही थांबू नये.