मातीच्या मावळ्याला कळंक चढवताना

दिवाळीचा किल्ला मोडला की मावळे खोक्यात जातात. पुढच्या वर्षी काढावेत तर कुणाचा रंग उडालेला, कुणाच्या ढालीचा टवका निघालेला. असे मावळे मला टाकवत नाहीत. मी त्यांना वर्षानुवर्षं उन्हापावसात उभ्या असलेल्या ब्राँझच्या पुतळ्याचं रूप देते. चार बोटं उंचीचा मावळा, पण खिडकीत ठेवला की ओतीव वाटतो.

रंगाला हात लावायच्या आधी माळ्यावरचं एखादं न घासलेलं तांब्या-पितळेचं भांडं खाली काढा. आमच्या फैजपूरच्या घरी आजीचं घंगाळ आहे. त्याचं पोट चॉकलेटी-काळं पडलंय. काठाखाली आणि कड्यांच्या सांध्यात हिरवा कळंक बसलाय. कड्या मात्र अजून पिवळ्या, कारण उचलताना हात तिथेच जातो. हवेनं काळं, साचलेल्या पाण्यानं हिरवं, हातानं पिवळं. मावळ्यावरही याच क्रमानं काम करायचं.

माती पाणी पिते, म्हणून एक भाग फेव्हिकॉलमध्ये तीन भाग पाणी कालवून आधी त्याचा एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. प्लॅस्टिकचा मावळा नुसता साबणानं धुतला तरी पुरे. मग काळा प्रायमर. स्प्रे मारणार असाल तर आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी सहा-सातलाच मारा. एकदा मे महिन्यात मी भर दुपारी गच्चीवर हे काम काढलं. पारा 45 अंशांच्या घरात. रंग मावळ्यापर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळला आणि अंगभर रव्यासारखे कण बसले. पॉलिश पेपरनं घासता घासता त्याचे नाकडोळे गेले, त्याची हळहळ अजून वाटते. रंगही इथे बशीत टिकत नाही. डब्याच्या झाकणात ओला रुमाल, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढायचा.

गडद तपकिरी आणि तांब्याचा मेटॅलिक ॲक्रिलिक निम्मे-निम्मे मिसळून दोन पातळ हात द्या. नंतर पितळी रंगाचा ब्रश कापडावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि पगडीचे पीळ, खांदे, गुडघे यांवरून हलकेच फिरवा.

हिरव्याला मात्र घाई नको. बरेच जण इथे पोपटी घेतात आणि मावळा शेवाळल्यासारखा दिसतो. कळंक निळसर असतो. आमचे वडील लिंबोणीच्या खोडांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. खोडावर ती वाळली की जो फिकट निळा-हिरवा उरतो, तोच आपल्याला हवा. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, त्यामुळे दोन्हीकडे रंग तांब्याचाच. खरं मोरचूद मात्र मावळ्याला लावू नका, ते विषारी आहे आणि मावळा पोरांच्या हातात जातो. ट्यूबमधला पांढरा तीन भाग, फिरोजी एक भाग, हिरव्याचा एक थेंब, आणि सगळं ताकाइतकं पातळ.

आता मावळ्यावर पाऊस पडतोय असं धरा. पाणी पगडीवरून ओघळेल आणि बगलेत, शेल्याच्या घड्यांत, ढालीच्या मागे थांबेल. तिथे ब्रशचं टोक टेकवलं की रंग आपसूक खाचेत उतरतो. अर्ध्या मिनिटानं जुन्या सुती धोतराच्या तुकड्यानं वरचा रंग टिपून घ्या, पुसू नका. वाळल्यावर तोच रंग आणखी पांढरा करून ढालीच्या काठापासून सरळ खाली दोन-तीन बारीक ओघळ ओढा. लाल गंज कुठेही नको. तो लोखंडाचा, ब्राँझला येत नाही.

मग मॅट वार्निश. ते धातूची चमकही मारतं, म्हणून हातानं झिजलेल्या जागा ते वाळल्यावरच करायच्या. करंगळीच्या टोकावर इवलासा सोनेरी रंग घ्या, कागदावर टिपा आणि नाकाचा शेंडा, तलवारीची मूठ यांना एकेकदा टेकवा. पायाच्या अंगठ्याला दोनदा. पुतळ्याला नमस्कार करणाऱ्यांचा हात तिथवरच पोचतो.