फ्रिजविना भाजी ताजी: मडक्यात मडकं

घरोघरी फ्रिज येण्याच्या कितीतरी आधीपासून भाजी टिकवायला ओल्या मातीच्या भांड्यांचा आधार होता. दोन मडकी, वाळू आणि पाणी एवढ्यावर तो गारवा आजही मिळतो. अट एकच, हवा कोरडी हवी. मडक्यातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते आतली उष्णता ओढून घेतं. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग गारवा कुठून येणार? म्हणून आधी थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला. पारा जिथे थांबेल, त्याखाली मडकं जाणार नाही. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हा आकडा साधारण २२ येतो. ३२ अंश आणि ८० टक्क्यांना मात्र २९. तेवढ्यासाठी खटाटोप करू नये.

बाहेरचं मडकं रुंद तोंडाचं, रंग किंवा चकाकी न दिलेलं घ्या. पाणी भरल्यावर काही तासांत ते बाहेरून ओलसर झालं पाहिजे. आतलं असं निवडा की चहूबाजूंनी २-३ सेंमी फट राहील. बुडाला भोक असल्यास बूच मारा. दोन्ही रात्रभर भिजवा. तळाशी ३ सेंमी वाळू घाला, त्यावर आतलं मडकं ठेवा. त्याचा काठ बोटभर वर राहू द्या, म्हणजे पाणी भाजीत उतरत नाही. फट जाडसर, धुतलेल्या वाळूने भरा. मातकट वाळूचा चिखल होतो आणि पाणी खालपर्यंत जात नाही. वाळू पूर्ण भिजेपर्यंत पाणी ओता, तोंडावर दुहेरी ओलं फडकं टाका आणि सगळं तिवईवर, सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. बंद खोलीत उपयोग नाही.

पाणी सकाळ-संध्याकाळ घाला. बाहेरच्या मडक्यावर वरून कोरडा, फिकट पट्टा उतरू लागला की वेळ झालीच.

टोमॅटो, गाजर, वांगी, पालेभाज्या यात छान राहतात. न धुता, कोरड्या ठेवा आणि नासलेलं रोज काढा. कांदा-लसूण नको, ओलाव्याने कोंब फुटतात. दूध, मांस, शिजवलेलं अन्न तर मुळीच नको. त्यांना ५ अंशांखालचा गारवा लागतो.

जड पाण्याने मडक्यावर पांढरे क्षार धरतात, छिद्रं बुजतात आणि गारवा कमी होतो. ताठ ब्रशने साध्या पाण्यात घासा. साबण मातीत मुरतो. घासूनही मडकं पाझरेना, तर बाहेरचं तेवढं बदला.