मराठी ई-बुकचे स्वप्रकाशन : संहितेपासून मानधनापर्यंत

डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडल या आपल्या ई-बुक वाचनसेवेवर मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांतील ई-बुकांचे दालन उघडले आणि पाठोपाठ या भाषांतील लेखकांना आपले पुस्तक किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर, म्हणजेच केडीपीवर, स्वतः चढवण्याची वाट मोकळी झाली. तोवर मराठीत स्वखर्चाने पुस्तक काढायचे म्हणजे पाचशे-हजार प्रती छापून घ्यायच्या आणि न खपलेले गठ्ठे माळ्यावर ठेवायचे, असाच प्रकार होता. मी रहस्यकथा लिहिते. पहिल्या कादंबरीच्या वेळी एका प्रकाशकाने छपाईच्या खर्चातला मोठा वाटा माझ्याकडेच मागितला, तेव्हा मी ई-बुकचा मार्ग धरला आणि तो पुढे सोडला नाही. या मार्गाने येऊ पाहणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, की पुस्तक चढवायला पैसे लागत नाहीत, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख-क्रमांकही लागत नाही, पण चांगला प्रकाशक जी कामे पडद्याआड करत असतो ती सगळी आपल्या अंगावर येतात आणि त्यांत संहितेचे काम सर्वांत मोठे असते.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा अवघड का, ते नीट समजून घ्यायला हवे. आपल्याकडे वर्षानुवर्षे डीटीपी श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत झाले. अशा फाइलमध्ये अक्षरे देवनागरी दिसतात, पण आत साठवलेली चिन्हे वेगळीच असतात, त्यामुळे ती फाइल जशीच्या तशी चढवली तर वाचकाच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. म्हणून संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांना समजणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित संकेतांत, असणे ही पहिली अट. जुना मजकूर रूपांतरकातून काढता येतो, मात्र त्यात रफार, जोडाक्षरे आणि विशेषतः ‘ऱ्य’ हमखास बिघडतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्या प्रकारात साध्या ‘र्’ नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. फाइल एका प्रणालीतून दुसरीत नेताना हे अदृश्य चिन्ह गळून पडले, की ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते आणि ते पुस्तकभर होते. शिवाय एकाच पुस्तकात दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, तर वाचकाने शोध घेतल्यावर निम्मे शब्द सापडतच नाहीत. मी प्रत्येक संहितेत सुरुवातीलाच सगळीकडे नुक्त्याचा ‘ऱ’ करून घेते. तीच गोष्ट विसर्गाची. ‘दुःख’ लिहिताना अनेक जण विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकतात. कागदावर ते खपून जाते, पण किंडलवर शब्दावर बोट ठेवून अर्थ पाहू जावे तर शब्दाचे दोन तुकडे झालेले असतात. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या सवयीने ‘अ’वर वेगळा चंद्र देणारेही बरेच आहेत, आणि काही उपकरणांवर तिथे ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. हे सारे तपासायला दोन-तीन दिवस लागतात, पण हा वेळ दिलाच पाहिजे, कारण पहिल्या चार पानांत असे दोष दिसले की वाचक पुस्तक मिटतो आणि एका तारकेचा अभिप्राय देऊन मोकळा होतो.

मांडणीचे फारसे अवघड नाही. पीडीएफचा विचार सोडावा, कारण फोनच्या पडद्यावर पीडीएफची ओळ नीट वळत नाही. वर्डच्या फाइलमध्ये प्रत्येक प्रकरणाच्या नावाला शीर्षकाची शैली द्यावी, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. पानांचे क्रमांक काढून टाकावेत आणि चढवण्यापूर्वी किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये फोन, टॅबलेट, वाचक-यंत्र अशा तिन्ही रूपांत पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावे.

हाताशी थोडेच पैसे असतील तर ते जाहिरातीवर न घालवता मुद्रितशोधकाला द्यावेत. आपलेच लेखन आपण वाचतो तेव्हा कागदावर जे आहे ते न दिसता मनात जे आहे तेच दिसते, आणि रहस्यकथेत तर तिसऱ्या प्रकरणात डाव्या हातात असलेली अंगठी अकराव्यात उजव्या हातात गेली की सगळा डोलारा कोसळतो. माझ्या मुद्रितशोधक ताई ऱ्हस्व-दीर्घ तर पाहतातच, पण घटनाक्रमाची तारीखवार वहीही ठेवतात. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय माझे एकही पान बाहेर पडत नाही. मुखपृष्ठाचे त्या मानाने थोडक्यात सांगता येईल. केडीपीला उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल असे चित्र चालते, मात्र वाचक ते नखाएवढ्या आकारातच पहिल्यांदा पाहतो, म्हणून शीर्षक त्या आकारात वाचता आलेच पाहिजे. फॉन्ट वापरताना परवाना पाहावा. मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ सुबक आहे आणि निर्धास्तपणे वापरता येतो.

खरा पेच पुढे येतो. केडीपीवर मानधनाचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. छापील मराठी पुस्तकावर दहा ते पंधरा टक्के मिळवण्याची सवय असलेल्या लेखकाला ७० हा आकडा भुलवतो, पण भारतातील विक्रीवर तो दर हवा असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनपुरतेच विकण्याच्या योजनेत घालावे लागते, आणि त्याची अट अशी, की ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत ते ई-बुक दुसरीकडे कुठेही, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरही, ठेवता येत नाही. म्हणजे बुकगंगा हे मराठी पुस्तकांचे ऑनलाइन दुकान किंवा गुगल प्ले बुक्स बंद. बुकगंगावर रुळलेला मराठी वाचकवर्ग मोठा आहे, विशेषतः परदेशातील आणि वयाने ज्येष्ठ वाचकांचा, आणि तो सोडणे सोपे नाही. मी मालिकेतील पुस्तके सिलेक्टमध्ये ठेवते आणि सुटी पुस्तके सर्वत्र विकते. सिलेक्टमधील पुस्तके किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या वाचनयोजनेत येतात. मालिकेचा वाचक तिचा सभासद असला तर एकामागून एक भाग वाचत जातो, आणि तिथे २०१५ पासून मानधन वाचल्या गेलेल्या पानांवर मिळते. दर पानामागचा दर मात्र ठरलेला नसतो, तो दर महिन्याच्या सामायिक निधीनुसार बदलतो. माझ्या उत्पन्नात थेट विक्रीपेक्षा या पानांचा वाटा मोठा आहे. कवितासंग्रहाचे असे होणार नाही, कारण त्याची पानेच थोडी असतात.

७० टक्क्यांच्या दरात फाइलच्या आकारानुसार दर मेगाबाइटमागे पोहोचवण्याचा खर्च कापला जातो, त्यामुळे चित्रे भरमसाट असलेल्या पुस्तकाला ३५ टक्क्यांचा दर कधी कधी परवडतो. हा हिशेब आधी करावा. मानधन महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी बँकेत येते. खाते उघडताना अमेरिकेच्या कराविषयीची प्रश्नावली भरावी लागते, आणि तिथे पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर अमेरिकेतील विक्रीवरील कपात ३० टक्क्यांऐवजी १५ टक्के होते. ही प्रश्नावली घाईघाईने भरू नये. पहिले कित्येक महिने रक्कम इतकी लहान असते की तिच्यावर नोकरी सोडण्याचा विचारही करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

वाचकापर्यंत पोहोचणे हा भाग सर्वांत चिकाटीचा. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या ई-बुकाची दखल क्वचितच घेतात, बहुतेक पुरस्कारांसाठी छापील प्रतीच मागवतात, आणि मराठी प्रकाशनव्यवहाराला ज्यांचा मोठा आधार असतो त्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या खरेदीत आपण नसतोच. हे तोटे खरे आहेत आणि ते मान्य करूनच या वाटेवर यावे. उपयोगी पडते ते वाचकांशी थेट नाते. मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न पुस्तकाविषयी नसून ‘हे घ्यायचे कुठून’ असा असतो, म्हणून दुव्याबरोबर मी चार ओळींत कृतीच लिहून पाठवते : ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर पुस्तक घ्यावे, त्याच खात्याने फोनवरील किंडल ॲप उघडावे, पुस्तक तिथे आलेले असते. सिलेक्टमधील पुस्तक दर मुदतीत पाच दिवस मोफत ठेवता येते. मालिकेचा पहिला भाग मी दिवाळीच्या सुटीत असा देते, कारण त्या दिवसांत दिवाळी अंकांमुळे मराठी माणूस वाचनाच्या मनःस्थितीत असतो.

ज्यांची जुनी छापील पुस्तके आहेत त्यांनी ई-बुक काढण्याआधी करारपत्र बाहेर काढावे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांचेच मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये अशीही तरतूद आली, की करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते त्याचे हक्क, स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, हस्तांतरित होत नाहीत. करार कधीचा आहे यावरही बरेच अवलंबून असल्याने वकिलाला एकदा विचारणे बरे. चांगल्या प्रकाशकाशी असलेले संबंध यासाठी तोडू नयेत. आधी पत्र लिहून विचारावे, अनेकदा आनंदाने होकार येतो.

संहितेची चोरी होतेच. टेलिग्रामवर पीडीएफ फिरताना दिसले की तक्रार नोंदवावी आणि पुढच्या कामाला लागावे, कारण एक काढले तर दुसरे येते. त्यापेक्षा सुधारित फाइल चढवण्याची सोय अधिक मोलाची आहे. वाचकाने कळवलेली चूक त्याच रात्री दुरुस्त करता येते आणि नव्या ग्राहकांना शुद्ध प्रत मिळते. मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझा ईमेल पत्ता देते आणि खाली पुढच्या भागाचे पहिले प्रकरण जोडते. पुढचा भाग तयार नसेल तर ही जागा वाया जाते, म्हणून नवोदितांनी मालिका लिहायला घेतली असेल तर दुसऱ्या भागाचा कच्चा मसुदा हातात आल्यावरच पहिला प्रकाशित करावा.