मूल मोठ्या आजारात सापडलं की घरातल्या मोठ्यांनी या चुका टाळा

कुडाळ, कणकवली, देवगड भागात मी आजारी मुलांच्या घरी समुपदेशनासाठी जाते. कुणाला ब्लड कॅन्सर, कुणाला थॅलेसेमिया, कुणाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र, कुणाला सातव्या वर्षापासून रोज इन्सुलिन. उपचार मुंबईत परळला, गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला चालतात. मी बघते ते घर: आईबाप, आजी-आजोबा, गावात मागे राहिलेली भावंडं आणि भेटायला येऊन डोक्याला ताप देऊन जाणारे पाहुणे. आजार वेगवेगळे असले तरी घरोघरच्या चुका त्याच त्या. त्यातल्या दोन चुकांनी किती मुलं आतल्या आत मिटून गेलेली पाहिली आहेत, म्हणून त्यांच्यावर सविस्तर लिहिते.

मुलाला काही कळू द्यायचं नाही

निदान झालं की घरातली पहिली बैठक मुलाला खळ्यात खेळायला पाठवून होते. मामा, काका, फोनवर मुंबईचा चुलता, सगळ्यांचं एकमत: "पोराक काय सांगा नको." हेतू प्रेमाचा असतो, यात मला शंका नाही. पण आईचे सुजलेले डोळे, आल्यागेल्यांची कुजबुज, न मागता अचानक दारात आलेली सायकल, यातून मूल सगळं ओळखतं. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1970च्या दशकात अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, मुलांमध्ये वावरून अभ्यास केला. तेव्हा हा आजार बहुतेक मुलांचा जीव घेत असे. तीन ते नऊ वर्षांची ही मुलं. कुणी एक शब्द सांगितलेला नसताना त्यांना आजार कळला होता, आपण वाचणार नाही हेही कळलं होतं. आणि आईवडिलांना त्रास होऊ नये म्हणून ती आपल्याला काही ठाऊक नसल्यासारखी वागत. आता बहुतेक मुलं बरी होऊ शकतात, तरी हे वागणं मी आपल्याकडच्या पडव्यांतही पाहते.

किनाऱ्यावरच्या एका वाडीतला आठ वर्षांचा मुलगा. मुंबईची राणीची बाग दाखवतो म्हणून त्याला तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसवलं. दादरला उतरून गाठलं ते रुग्णालय. सुया, सलाईन, पाठीतलं पाणी काढणं, मग केस गेले. राणीची बाग आलीच नाही. पहिला टप्पा आटोपून घरी आल्यावर तो गोळ्या घेईना. स्टेरॉइडच्या गोळ्या कडूजहर असतात. आजीने युक्ती काढली: गोळी चुरायची आणि आंबापोळीत गुंडाळून द्यायची. एकदोनदा खपलं. मग जिभेला कडू लागलं, आणि त्या दिवसापासून मुलाने आईच्या हातचं खाणं सोडलं. ताटातला भात बोटाने उकरून बघायचा, पेजेचा वास घ्यायचा, पाणी स्वतः कळशीतून घ्यायचा. वजन उतरायला लागलं.

मला बोलावणं आलं ते "त्याला जरा समजवा, जेवायला सांगा" म्हणून. स्टेरॉइडने मुलांना खरं तर राक्षसी भूक लागते, मग हा जेवत का नाही? शेजारी विचारलं तर कळलं, तिथे तो रोज संध्याकाळी पोटभर घावणे खातो. म्हणजे भूक होती. घरच्या ताटावरचा भरवसा गेला होता.

मी त्याला जेवणाबद्दल काहीच विचारलं नाही. "तुला मुंबईला कशाला नेतात असं वाटतं?" एवढंच विचारलं आणि थांबले. बराच वेळ तो पायरीवरचा चिरा नखाने खरवडत होता. मग शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा विषय निघाला. "तो घराक गेलो म्हणान सांगल्यानी. तेची चपला खाटीखाली थयच होती." आठ वर्षांच्या पोराने हे कित्येक आठवडे एकट्याने पोटात ठेवलं होतं, कारण विचारायचं कुणाला? जी माणसं राणीची बाग सांगून सुया टोचायला नेतात, त्यांना?

त्याच पडवीत आईवडिलांना बसवून आम्ही त्याला आजाराचं नाव सांगितलं. तो मुलगा वारला, हेही सांगितलं. त्याचा आजार आणि तुझा आजार याच्यात काय फरक आहे, ते आपण तुझ्या डॉक्टरांना तुझ्यासमोरच विचारू, असं ठरलं. गोळीबद्दल आई म्हणाली, "कडू आसा. घेवची लागतली. कशावांगडा घेतलंस ता तू ठरव." त्याने गूळ निवडला. भात उकरून बघणं मात्र त्यानंतरही बरेच दिवस चाललं. गेलेला विश्वास एका दुपारी परत येत नाही, आणि "ताई, एकदाच येऊन सांगून टाका ना" म्हणणाऱ्यांना मी हे दर वेळी सांगते. खरं थोडं थोडं सांगायचं असतं, आणि मूल पुन्हा विचारील तेव्हा पुन्हा.

माझी पद्धत साधी आहे. आधी मुलालाच विचारायचं, तुला काय ठाऊक आहे? मग आजाराचं नाव, उद्या काय होणार आहे आणि त्या वेळी जवळ कोण असणार आहे. दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं. "काही होत नाही रे, मुंगी चावल्यासारखं" हे वाक्य कायमचं बंद करा. चारपाच वर्षांच्या मुलांना बहुतेकदा वाटतं की आपण खोटं बोललो, पावसात भिजलो, म्हणून ही शिक्षा झाली. तुझ्या कशामुळेही हे झालेलं नाही, हे त्यांना न विचारताही सांगा, अनेकदा सांगा.

आणि "आये, मी मरतलंय?" असा प्रश्न आला तर "असलं अभद्र बोलू नको" म्हणून तोंड दाबू नका. "असं का वाटलं तुला?" म्हणा आणि ऐका. पुष्कळदा त्याच्यामागे एखादी चप्पल असते. उत्तर द्यायचं ते खरं द्या: आजार मोठा आहे, औषध तो बरा व्हावा म्हणूनच चाललंय, आणि काहीही झालं तरी आम्ही तुझ्याजवळ आहोत.

गावात मागे राहिलेलं भावंड

या चुकीचा मला जास्त राग येतो, कारण ती चूक आहे हेच कुणाला पटत नाही. आजारी मुलाबरोबर आई जाते, बाप नोकरीत नाहीतर पैशाच्या मागे. दुसरं मूल आजीकडे राहतं आणि सगळे म्हणतात, "ती शहाणी आहे, काही त्रास देत नाही." त्रास देत नाही हेच मला धोक्याचं वाटतं.

दहा वर्षांची एक मुलगी भर आषाढात शाळेतून आल्यावर परसात जाऊन पावसात उभी राहायची. आजीने ओरडून झालं, धपाटे घालून झाले. कारण विचारल्यावर ती मला म्हणाली, "माका ताप इलो तर आये येतली." तिने ते रडून सांगितलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं: भावाला ताप आला, आई त्याच्याबरोबर गेली.

भावंडांना पोटदुखी होते, अंथरूण ओलं होतं, अभ्यासात मागे पडतात. काहींना आजार आपल्यालाही लागेल अशी भीती, तर काहींना "मी त्याला ढकललं होतं म्हणून झालं" अशी. म्हणून आजारी मुलाला जे खरं सांगाल ते भावंडालाही सांगा, आणि हे लागत नाही, हे आवर्जून. रोज ठरलेल्या वेळी फोन करा आणि तो फक्त त्या मुलाचा असू द्या. वाडीत रेंज नसेल तर आजोबांनी सड्यावर घेऊन जावं, पण वेळ चुकवू नये. फोनवर पहिला प्रश्न परीक्षेचा नको, आणि भावाच्या रिपोर्टची बातमी तर पहिली नकोच. डॉक्टर हो म्हणाले तर सुट्टीत एकदा तिला तिकडे नेऊन आणा. रुग्णालय डोळ्यांनी पाहिलेलं बरं. मनातलं रुग्णालय फार भयंकर असतं.

त्या मुलीच्या आईने रात्री आठचा फोन सुरू केला. आईला तो फार छोटा उपाय वाटला होता. लोकांना मोठे उपाय हवे असतात, शिबिरं, थेरपी, मुंबईचा नावाजलेला माणूस. रोज आठ वाजता फोन करायचा कंटाळा येतो, म्हणून तो कुणी करत नाही.

बाकीच्या चुका

"गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील." ज्या डॉक्टरांकडे हे मूल कदाचित तीन वर्षं जाणार आहे, त्यांनाच तुम्ही बागुलबुवा करून ठेवता.

आईला दोष देणं. ग्रहणात बाहेर पडली, पपई खाल्ली, तिच्या माहेरचंच काहीतरी. बालपणीच्या ब्लड कॅन्सरचं बहुतेक मुलांत असं कारणच सापडत नाही, जे आईबापांना टाळता आलं असतं. थॅलेसेमिया मेजर होतो तो आई आणि बाप दोघंही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण तो दोष अंगात असलेले, असतात तेव्हा, आणि तेव्हाही प्रत्येक गरोदरपणात शक्यता 25 टक्के. एकट्या सुनेकडे बोट दाखवणाऱ्या सासूला मी हा हिशेब खळ्यातल्या मातीवर काडीने काढून दाखवते.

देवाचं आणि दवाखान्याचं भांडण लावणं. ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात. गावकराने देवळात गाऱ्हाणं घातलं की त्या बापाला आपली भीती चारचौघांत मोठ्याने बोललेली ऐकायला मिळते. ते काम माझ्या तासभराच्या बोलण्यानेही कधीकधी होत नाही. माझी अट एकच: उपचाराची तारीख हलता कामा नये. कौल मिळेपर्यंत केमो थांबवली, गणपतीला आले आणि परत गेलेच नाहीत, हे चालणार नाही. ब्लड कॅन्सरचे उपचार बहुतेक मुलांत दोन ते तीन वर्षं चालतात. पहिल्या महिन्याभरातच रक्त पुष्कळदा स्वच्छ दिसतं, पुढे केस येतात, मूल धावायला लागतं, आणि घरच्यांना वाटतं की झालं. तिथे सोडलं तर आजार उलटण्याची भीती फार मोठी.

स्टेरॉइडच्या दिवसांतला थयथयाट म्हणजे हट्ट समजणं. रात्री दोनला मासे-भात मागणारं, ताट भिरकावणारं, मग रडत कुशीत शिरणारं मूल लाडावलेलं नसतं. औषधाने त्याचं डोकं फिरलेलं असतं. भिंतीवर कॅलेंडरात ते दिवस लाल पेनाने आखून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसतील असे. मारणं थांबतं. त्याच भिंतीवर केमोवाल्या मुलाच्या तापाची सूचनाही चिकटवा: 38 अंश, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झालं की सकाळच्या गाडीची वाट बघायची नाही, त्याच क्षणी फोन करून निघायचं. रात्री कुणाची रिक्षा मिळेल त्याचा नंबर खाली. अर्ध्या आयांची झोप या कागदाने परत येते.

लाड इतके, की शिस्तच गेली. आजारी मुलालाही झोपायची वेळ, दात घासणं आणि बहिणीला न मारणं लागू असतं. नियम गेले की मूल घाबरतं, कारण त्याला वाटतं आता माझं काही खरं नाही.

बापाला वाऱ्यावर सोडणं. सगळे आईला विचारतात. बाप व्हरांड्यात उभा, नाहीतर कर्जाच्या फेऱ्या मारत असतो, आणि कितीतरी जण संध्याकाळी बाटलीकडे वळतात. समोर खुर्ची मांडून "बोला" म्हटलं तर कोकणी माणूस हवापाण्यावर बोलेल. मी त्यांच्याशी बागेत, जाळं सांधताना, हात चालू असताना बोलते. डोळ्यांत बघावं लागलं नाही की बोलणं निघतं.

"पॉझिटिव्ह राहा." दोन दिवसांचं शिबिर करून आलेले उत्साही स्वयंसेवक दारातच हे सुरू करतात. ज्या आईने आत्ताच कागदावर मुलाचा रिपोर्ट वाचलाय, तिला याचा अर्थ "माझ्यासमोर रडू नकोस" एवढाच लागतो. नव्याने हे काम करणाऱ्यांना माझं सांगणं: पहिले काही महिने फक्त ऐका, आणि घरात शिरल्यावर आधी विचारा की पाणी भरायचंय का, भांडी पडलीत का. सल्ल्याची घाई असेल तर हे काम करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले काढे पुढे पाठवणारेही यातच आले.

उपचार संपले म्हणजे मनाचंही संपलं असं धरणं. शेवटच्या गोळीनंतरच कितीतरी आया कोसळतात. इतके दिवस तारखा होत्या, आता नुसती भीती; प्रत्येक सर्दीला हात कपाळाकडे जातो. तेव्हा एकटं बसू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. ही माणसं राहण्या-खाण्याची, पैशाची सोय सांगतात, तसंच बोलायलाही असतात आणि लोक त्यांच्याकडे फक्त सही-शिक्क्याला जातात. लहानपणी कॅन्सर होऊन बरी झालेली, आता मोठी झालेली मुलं इंडियन कॅन्सर सोसायटीच्या 'उगम' गटात भेटतात. अशा एका तरुणाला समोर बघून आईचा जीव जितका भांड्यात पडतो तितका माझ्या बोलण्याने पडत नाही. झोप, भूक उडाली, जगावंसं वाटेनासं झालं, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर 2022 पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. "येड्यांचा हॉस्पिटल" म्हणून तिथली पायरी टाळू नका; तिथल्या बाह्यरुग्ण विभागात झोप न लागणाऱ्या आयाही येतात, गोळी घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परततात.