व्यापार करार बेदाणा उत्पादकाने कसा वाचावा

एखाद्या देशाशी व्यापार करार झाल्याची बातमी आली की तासगावच्या बेदाणा सौद्यात पहिला प्रश्न 'ड्युटी किती उतरली?' असाच येतो. धोका मात्र बहुतेक वेळा शुल्काच्या तक्त्यात नसतो, तर करारपत्रात त्यामागे येणाऱ्या प्रकरणांत असतो. म्हणून तक्त्याला पाच मिनिटे द्यावीत आणि उरलेली संध्याकाळ त्या प्रकरणांना.

तक्ता मालाच्या नावाने न शोधता सीमाशुल्काच्या संकेतांकाने (प्रत्येक मालाला दिलेल्या आकड्याने) शोधावा: ताजी द्राक्षे ०८०६ १०, बेदाणा ०८०६ २०, हळद ०९१० ३०. शुल्क लगेच शून्य होते, टप्प्याटप्प्याने उतरते, कोट्यापुरते उतरते की माल वगळलेल्या यादीत आहे, एवढे टिपून घ्यावे.

खरी मेख मूळ देशाच्या नियमांत, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा हे ठरवणाऱ्या अटींत असते. भारत-श्रीलंका करार २००० साली अमलात आल्यानंतर श्रीलंकेची सवलत घेऊन तिच्यामार्गे व्हिएतनामची मिरी येते, अशी तक्रार आपले मिरी उत्पादक करत राहिले आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राला मिरीची किमान आयात किंमत किलोला ५०० रुपये ठरवावी लागली. हेच बेदाण्याला लावून पाहावे. परदेशी कच्च्या मालावर प्रक्रिया होताना संकेतांकाचे पहिले चार अंक (शीर्षक) बदलण्याची अट असेल, तर द्राक्षाचा बेदाणा झाला तरी ०८०६ बदलत नाही. अट सहा अंकांवर बेतलेली असेल, तर परक्याची द्राक्षे आणून नुसती सुकवणारा देशही सवलतीला पात्र ठरू शकतो. त्यामुळे 'द्राक्षे त्याच देशात पिकलेली असावीत' असे शब्द करारात आहेत का, ते शोधावे. २०२० च्या सीमाशुल्क नियमांनुसार आयातदाराने केवळ प्रमाणपत्र दाखवून भागत नाही, मालाच्या मूळाची माहितीही त्याला बाळगावी लागते. तक्रार करताना याच नियमांचा आधार घ्यावा.

निर्यातदाराने शुल्कसवलतीवर विसंबू नये. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षे अडली, ती शुल्कामुळे नव्हे, तर बागेत आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे.

शेवटी संरक्षक उपायांचे कलम वाचावे. आयात एकदम वाढल्यास सवलत किती काळ थांबवता येते आणि त्याच मालावर ती पुन्हा थांबवता येते का, हे तेथे कळते. मात्र त्यासाठी नुकसान आकड्यांनी सिद्ध करावे लागते आणि विखुरलेल्या बागायतदारांचे घोडे नेमके तेथेच अडते. म्हणून करार लागू होण्याआधीच्या हंगामांपासून सौद्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) आणि शीतगृहाच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवाव्यात. वजन, प्रत आणि दर त्यांवर स्पष्ट दिसले पाहिजेत.