मॅच हातात आल्यावर मेन गडी कधी आणि कसा बसवायचा

आपल्याकडं फुटबॉलची टूर्नामेंट म्हणजे एका दिवसात दोन-दोन, कधी तीन मॅच, ग्राउंड मुरमाचं नाहीतर पाऊस उघडल्यावर दगडासारखी कडक झालेली काळी माती, आणि मे महिना असला तर परभणी-नांदेडकडं पारा 42 च्या पुढं. अशात सकाळच्या मॅचला तीन-शून्य लीड असूनही शेवटच्या शिट्टीपर्यंत मेन फॉरवर्डला पळवत ठेवलं तर दुपारच्या सेमीफायनलला त्याच्या पोटरीत गोळे येणारच, मग ती मॅच कोण काढून देणार? म्हणून गडी बाहेर बेंचवर बसवायलाच पाहिजे. पण कधी, कोणाला आणि कसं, ह्यात बरेच सर लोक गडबड करायलेत म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी टॉस व्हायच्या अगोदर आयोजकाला विचारून घ्या की रोलिंग आहे का नाही. म्हणजे बाहेर काढलेला गडी परत आत घेता येतो का. लहान वयोगटात आणि लोकल स्पर्धेत बऱ्याचदा चालतं, पण मोठ्या स्पर्धेत एकदा बाहेर गेला की गेला, तिथं पाच बदल आणि तेही हाफ टाइम सोडून तीनच वेळा खेळ थांबवून करायचे. रोलिंग असेल तर मोकळेपणानं बदल करा, नसेल तर पुढचं सगळं नीट वाचा.

नुसता स्कोअर बघू नका, स्कोअर आणि उरलेला वेळ दोन्ही बघा. दोन गोलच्या लीडवर निव्वळ आरामासाठी कोणालाच काढू नये असं माझं पक्कं मत आहे. 2022 च्या वर्ल्ड कप फायनलला अर्जेंटिना 2-0 पुढं होती, 64 व्या मिनिटाला डी मारियाला बाहेर घेतलं, आणि 80 व्या आणि 81 व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बाप्पेनं दोन गोल मारून मॅच बरोबरीत आणली. सगळा दोष त्या एका बदलावर टाकता येत नाही हे खरंय, पण डाव्या बाजूनं बॉल पुढं नेऊन फ्रान्सला मागं ढकलणारा गडीच गेला होता. आपल्या 25-25 मिनिटांच्या मॅचमध्ये मी तीन गोल आणि शेवटची दहा मिनिटं हा हिशोब धरतो. चार गोल असतील तर सेकंड हाफ सुरू झाल्यावर पाच मिनिटं समोरचे कसे खेळायलेत ते बघायचं आणि मग बदलाला हात घालायचा.

आता काहीजण म्हणतील की मग रिस्क कशाला, स्टार लोकांना शेवटपर्यंत ठेवा. तर ऑक्टोबर 2012 मध्ये बर्लिनला जर्मनी स्वीडनसमोर 4-0 होती आणि मॅच 4-4 सुटली, स्वीडनचा पहिला गोल 62 व्या मिनिटाला आला, म्हणजे अर्ध्या तासात चार. आणि जर्मनीचे ओझिल, क्लोजे, लाम, श्वाइनस्टायगर, क्रूस हे सगळे शेवटपर्यंत मैदानावरच होते. मोठी नावं आत असली म्हणून लीड टिकत नसतो, सगळे ढिले पडले की जातो. उलट बेंचवरचं ताज्या दमाचं पोरगं, ज्याला आपली जागा मिळवायचीय, ते अशा वेळी जास्त जीव तोडून पळतं.

कोणाला काढायचं ह्यात क्रम महत्त्वाचा. पहिला नंबर यलो कार्ड असलेल्याचा आणि जो चिडलेला दिसतोय त्याचा. 2014 च्या वर्ल्ड कपला ब्राझील कोलंबियाविरुद्ध पुढं असताना कॅप्टन थियागो सिल्वानं गोलकीपर बॉल मारताना उगाच आडवा जाऊन यलो घेतलं, ते त्या स्पर्धेतलं दुसरं होतं म्हणून सेमीफायनलला बाहेर, त्याच मॅचमध्ये 88 व्या मिनिटाला नेमारच्या पाठीचा मणका मोडला, आणि दोघांशिवाय सेमीफायनलला जर्मनीकडून 7-1 नं हरले. लीड असताना समोरची टीम वैतागून पायावर खेळते, तेव्हा सगळ्यात जास्त ड्रिबल करणारं, म्हणजे बॉल पायाशी ठेवून गडी चकवणारं पोरगं पहिलं धोक्यात असतं. दुसरा नंबर मांडी धरून चालणाऱ्याचा, तो कितीही म्हणला "सर, काही नाही झालं, खेळू द्या ना," तरी काढा. मग फॉरवर्ड आणि विंगर, म्हणजे कडेनं पळणारे. स्टॉपर, म्हणजे मागचा मधला डिफेंडर, आणि मधला मिडफिल्डर मात्र शेवटी, आणि दोघांना एकदम कधीच नाही, कारण मागून ओरडून लाइन धरणारं कोणीच राहत नाही. एका वेळी एकच बदल, नंतर तीन-चार मिनिटं बघायचं, मग पुढचा.

लीग पद्धत असेल तर गोल डिफरन्स, म्हणजे मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलमधला फरक, आधी तपासा. एका गोलनं ग्रुपमधून बाहेर जायची वेळ येऊ शकत असेल तर गोल मारणाऱ्याला बसवायची घाई नको.

आणि कसं काढायचं हे तर लई जणं विसरतातच. पोराला हाफ टाइमलाच कानात सांगून ठेवा, "बाळा, अजून एक गोल झाला की तुला बसवणारंय, दुपारी तूच लागणारेस." एकदम नंबर पुकारला की त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि घरचे बघायला आलेले असले तर त्याचा चेहरा उतरतो. बाहेर येताना जवळच्या लाइनीनं यायला सांगा, आता तसाच नियम आहे, रेंगाळला तर रेफरी कार्ड दाखवू शकतो. आल्या आल्या सावलीत बसवायचं, मानेवर ओला टॉवेल, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट, बूट सैल करायचे आणि पाच मिनिटं हळूहळू चालवायचं. पोटभर जेवण लगेच नाही, दोन मॅचमध्ये तासाभराचंच अंतर असेल तर केळी आणि थोडे चिक्कीचे तुकडे बास.

आत जाणाऱ्या पोरालाही नुसतं "जा, खेळ" म्हणू नका. कोणाला धरायचं, कॉर्नरला कुठं उभं राहायचं हे सांगून, दहा मिनिटं अगोदरपासून वॉर्मअप करायला लावूनच आत पाठवा, थंड अंगानं कडक ग्राउंडवर गेलं की पहिल्यांदा जोरात पळतानाच मांडी धरते.